भोयर काकांचा अभिप्राय

सकाळी रेवतीने चाळणीत साबुदाणा घोळवला, त्या आवाजात कुकरची वाफ मिसळली आणि मधेच मुद्दाम मिक्सरची घरघर घातली. हा तुकडा तिने घरातल्या आवाजांचं संगीत करणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात टाकला.

लगेच कौतुकाची रीघ लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही. सभासद वारला की गट ओस पडू नये म्हणून त्याचं खातं यंत्र चालवायचं, आणि यंत्राला सगळंच आवडायचं.

ती वाट बघत होती वर्ध्याच्या भोयर काकांची. दोघं कधी भेटली नव्हती, पण काका तिला हक्काने झापायचे. "पोरी, वाफ फार झाली, कान भाजला माझा," असं लिहायचे. दवाखान्यात निघालो, असं कळवल्यापासून मात्र ते गप्प होते. निदान मिक्सर ऐकून तरी चिडतील, असं तिला वाटलं होतं.

दुपारी त्यांच्या नावाने ओळ आली. "फार सुंदर, पोरी. मिक्सर तर अप्रतिम."

रेवतीने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने मिक्सर काढून टाकला, तुकडा नीट बांधला आणि पुन्हा पाठवला. "काका, चूक सुधारली," तिने खाली लिहिलं.

उत्तर तत्काळ आलं. "फार सुंदर, पोरी."