शेवटचा वापरकर्ता

दोन प्रोग्रामिंग भाषांना एकमेकींशी बोलतं करणारं टूल तो सांभाळायचा. नवी आवृत्ती तयार होती. जुनी सर्व्हरवरून काढावी म्हटलं, तर रोज सकाळी कुणीतरी एकजण तीच डाउनलोड करायचा. कोण असेल हा एकनिष्ठ प्राणी? राहवेना. त्यानं जुनी बंद केली आणि तिच्या जागी आपला फोन नंबर ठेवला. सकाळी फोन वाजला. “दार तुम्हीच उघडता का हो?” एक आजी विचारत होत्या. “खुराड्याचं. नातवानं कॉम्प्युटरला जोडून दिलंय, तो रोज सकाळी काहीतरी डाउनलोड करतो नि दार उघडतो. आज उघडेना, नुसता तुमचा नंबर दाखवतोय. ऊन चढलंय, कोंबड्या आत गुदमरतील.” त्यानं धडपडत जुनी आवृत्ती परत ठेवली. “आजी, आता चालू करा.” “उघडलं,” आजी म्हणाल्या. “पण कोंबडा बाहेर येईना. दाराकडे संशयानं बघतोय.” “फोन द्या त्याला,” तो म्हणाला, आणि त्यानं रीतसर माफी मागितली.