भाड्याचा हात

वहिनी नवा पाइप घेऊन बांधकामाच्या फाटकातून आत शिरली आणि जागच्या जागी थबकली.

तिचा टेलिहँडलर, भाड्याने दिलेलं माल वर चढवायचं मशीन, इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी उभा होता. त्याचा लांब लोखंडी हात पार तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. हाताच्या टोकाला दोन काटे, काट्यांवर विटांखाली येतो तसला फळ्यांचा पॅलेट, आणि पॅलेटवर दोन माणसं. गिलाव्याचा मिस्त्री छज्ज्याच्या कडेवर थापी मारत होता. त्याची बायको मालाचं घमेलं पोटाशी धरून उकिडवी बसली होती. धरायला कठडा नाही, कमरेला दोरी नाही.

केबिनमध्ये तिचा धाकटा दीर होता. सकाळी त्याचाच फोन आला होता, हाताला तेल पोचवणारा पाइप गळतोय म्हणून.

"भावोजी! खाली घ्या त्यांना!"

दिराने खिडकीतून मान बाहेर काढली. "पाच मिनिटं, वहिनी. कडेचं तेवढं उरलंय."

"आत्ता! आधी हात आत ओढा, मग खाली. सावकाश!"

मशीन घुरघुरलं. हात वीतभर आत आला आणि त्याने हिसका खाल्ला. घमेलं सुटलं. ओला माल वहिनीपासून चार पावलांवर फटकन आपटला. वर त्या बाईने नवऱ्याच्या पोटऱ्या दोन्ही हातांनी कवटाळल्या. हात अडखळत अडखळत खाली येत होता. काटे जमिनीला टेकले तेव्हा कुठे वहिनीच्या जिवात जीव आला. मग तिचं लक्ष मशीनखाली गेलं. मातीत ताटाएवढं तेल साचलं होतं.

ठेकेदार धावतच आला. "काय चाललंय ताई? चालू काम कोणी थांबवलं?"

"मी. मशीन विटा आणि लोखंड उचलायला दिलंय. माणसं उचलायला नाही."

"बांबूंची परांची बांधायला दोन दिवस जातात. काम अर्ध्या तासाचं." ठेकेदाराने रुमालाने मान पुसली. "आणि भाड्याने घेतलं म्हणजे आठवडाभर ते माझं. घर भाड्याने दिल्यावर भाडेकरू कुठे झोपतो ते बघायला जाता का?"

"दुसऱ्याला फास लावत असेल तर जाते."

"जबरदस्ती केली का मी कोणावर? विचारा तुमच्या माणसालाच."

दीर केबिनमधून उतरला होता. त्याने मान वर केली नाही.

"तुम्हीच म्हणालात सकाळी," तो पुटपुटला. "थेंब थेंबच गळतंय ना, चालवा दुपारपर्यंत. गिऱ्हाईकाला नाही म्हणू नका."

"माणसं चढवा म्हणाले होते मी?"

"नाही. पण पाइप तोच होता, वहिनी."

वहिनीला सकाळचं आठवलं. फोन खांद्यात धरून, मुलीची वेणी घालता घालता ती ते बोलली होती. बोलून विसरलीही होती. राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. ती मिस्त्रीच्या बायकोकडे वळली.

"तुम्ही तरी का चढलात, बाई? मशीनचा हात सुटला असता म्हणजे?"

बाई कोपरावरचा ओला माल नखाने खरवडत होती.

"मी नसते चढले तर दुसरी चढली असती. तुम्ही काय, मशीन घेऊन जाल घरी. आम्हाला कुठे नेणार?"

"गप गं," मिस्त्री म्हणाला. पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

ठेकेदाराने तोवर दुसऱ्या मशीनवाल्याला फोन लावलाही होता. वहिनीकडे बघतच तो मोठ्याने बोलत होता. "हो, लांब हाताचंच पाहिजे... छे, विटा कमी, माणसंच जास्त... तुमची काही हरकत नाही ना? झालं तर मग. उद्या सकाळी पाठवा."

वहिनीने पाइप दिराच्या हातात कोंबला आणि ती केबिनमध्ये चढली.

"अहो, आधी पाइप तरी बदलू द्या!"

तिने मशीन मागे घेतलं. काटे पॅलेटमधून बाहेर आले. तिने लोखंडी हात जरासा उचलला आणि मशीन पुढे घातलं. दिराने मिस्त्रीला आणि त्याच्या बायकोला ओढून बाजूला केलं. पुढचं चाक पॅलेटवर चढलं. फळ्या कडाकडा मोडल्या, खिळे वाकून वर आले. ती मागे आली आणि पुन्हा त्यावरून गेली. मग आणखी एकदा. मोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबली.

ठेकेदाराने फोन कानावरून काढलाही नव्हता.

"मोडा, ताई, मोडा," तो म्हणाला. "अजून चाळीस पडलेत मागे."

वहिनीने मान वळवली. कुंपणाच्या भिंतीला टेकून खरोखरच पॅलेटच्या खांद्याएवढ्या चार थप्प्या उभ्या होत्या. मिस्त्री तिथे पोचला होता. एका थप्पीतला सगळ्यात वरचा पॅलेट त्याने ओढून जमिनीवर टाकला, त्यावर उभा राहिला आणि दोन्ही पायांनी दाबून पाहिला. एक फळी करकरली. त्याने तो बाजूला सारला आणि दुसरा खाली ओढला.