मागे राहिलेली

"नंबर नीट घाल. आणि हात हलू देऊ नकोस," उस्ताद म्हणाला आणि भिंग घेऊन तिच्या खांद्याशी उभा राहिला.

सगळे त्याला उस्तादच म्हणत. ती 'अहो' म्हणायची, बायकोच होती ना. रेकॉर्ड कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मात्र खरं. लाखेचा थर दिलेल्या काळ्या तबकडीवर त्याच्या यंत्राची सुई आवाजाची खाच पाडायची. ही पहिली तबकडी कारखान्यात जायची, तिच्यावरून साचा आणि साच्यावरून हजारो रेकॉर्ड निघायच्या. शेवटची धून संपली की लेबलाभोवती एक कोरी पट्टी उरते. तिथे हातानं नंबर कोरावा लागतो. ते काम तिचं. माहेरी वडिलांच्या दुकानात ती करंडकांवर नावं कोरायची, आणि त्या अक्षरांवरच तर हा भाळला होता. आता तिला स्वतःच्या हाताचाच राग यायचा.

आज टेबलावर 'मागे राहिलेली' होती. अंतराळातल्या ताफ्याची एक मालिका तुफान चालली, म्हणून तिच्यातल्याच एका बाईवर ही दुसरी मालिका काढली होती. ताफा निघून जातो, यंत्रं दुरुस्त करणारी ही बाई बंद यानात एकटीच उरते आणि कुणालाच न मिळणारे निरोप पाठवत बसते. लोक नुसते वेडे झाले होते. आता त्या मालिकेचं संगीत रेकॉर्डवर येत होतं. पाकिटावर तीच बाई, यानाच्या काचेला आतून तळहात टेकवलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात उस्तादचं नाव आणि पत्ता.

ते चित्र ती सारखी बघायची. या घराच्या काचाही दुहेरी होत्या, कायमच्या बसवलेल्या. बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून. आतला बाहेर जात नाही, हे ओघानंच आलं. उस्ताद बाहेर पडताना कुलूप लावायचा. तिचा फोन दुरुस्तीला गेला तो गेलाच. तिच्या भावाला त्यानं सांगितलं, तिला तुमच्याशी बोलायचं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेजारी त्यालाच बिचारा म्हणत! तिच्या चपला कपाटाखाली पडून पडून कडक झाल्या होत्या.

पहिली बाजू त्यानं भिंगातून अक्षर न् अक्षर तपासली. दुसरीवर ती नंबर कोरत होती, तेवढ्यात बेल वाजली. कारखान्याचा माणूस. लाख शिळी झाली की बारीक आवाज मरतात, तबकडी लगेच न्यावी लागते, त्यामुळे या वेळी उस्तादची नेहमीच धांदल उडायची. तो खोलीचं दार ओढून घेऊन बाहेरच्या दाराकडे पळाला.

याच घटकेसाठी तिनं डब्यांच्या झाकणांवर सराव केला होता. मुंगीएवढी अक्षरं.

'हे नाटक नाही. मला कोंडलंय. रेकॉर्ड कापणाऱ्याचं घर, तिसरा मजला.'

"झालं का गं?"

"झालं."

त्यानं नंबरावरून घाईघाईत भिंग फिरवलं आणि खोका बंद केला.

रेकॉर्ड बाजारात आली. कुणी फिरकलं नाही. लेबलाच्या कडेला कोण मरायला बघतंय, म्हणून तिनं स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

मग एका सकाळी खाली माणसं दिसली. आधी दोघं, मग घोळका. प्रत्येकाच्या हातात ते पाकीट. तोंडं हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं, पण बघत सगळे वरच होते. ती धावली आणि दोन्ही तळहात काचेवर टेकवले. एका मुलीनं बोट दाखवलं. मग खालून सगळ्यांनी हात वर केले, तळहात तिच्याकडे करून. ती मुलगी तर रडत होती. इथे हिचाही बांध फुटला. दिसले गं बाई, एकदाची दिसले मी कुणाला तरी!

कुलूप वाजलं. उस्तादबरोबर संगीत कंपनीचा साहेब होता. उस्तादचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता कुठे पळशील मेल्या, तिच्या मनात आलं.

"वहिनी, ते तुम्ही कोरलंत?" साहेबानं विचारलं.

"मीच. सगळं खरं आहे. हे मला कोंडून ठेवतात. मला इथून घेऊन चला हो, पाया पडते तुमच्या."

साहेब बघतच राहिला. त्याच्या हातावर शहारा आलेला तिला स्पष्ट दिसला.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "जरा बाहेर या. आपल्याला बोलायला हवं."

दार लागलं. बाहेरचं ऐकू येण्याची सोय नव्हतीच. तिनं कपाटाखालून चपला ओढल्या. पट्टे वळेनात, तरी पाय कोंबले. भावाच्या घराचा रस्ता मनात घोकून पाहिला. खाली ती माणसं अजून हात वर करून उभी होती. पदरानं तोंड पुसून ती दारासमोर उभी राहिली.

दार उघडलं. उस्ताद एकटाच आत आला. चेहऱ्यावर रंग परत आला होता. त्यानं कुलूप लावलं, तिच्या चपलांकडे एकदा बघितलं, मांडणीवरची एक कोरी तबकडी काढून टेबलावर ठेवली आणि दिवा लावला.

"साहेब जाम खूश आहेत. खालच्या लोकांसारखंच त्यांनाही हे मालिकेतल्या बाईचं नाटक वाटतंय. दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डवरही असंच हवंय त्यांना," तो म्हणाला. "फक्त या वेळी जरा आणखी घाबरून लिही."