न वाजलेले अलार्म

नववा अलार्मही वाजला नाही, तशी मंजुषा स्टुलावर मटकन बसली.

तुर्भ्याच्या त्या कारखान्यात गॅस गळतीचे अलार्म बनायचे. कुठे अमोनिया सुटला की ठणाणा बोंब मारायची, एवढंच त्यांचं काम. दोनशे अलार्म शुक्रवारी बर्फाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांना जायचे होते. त्याआधी तपासणीच्या कागदावर मंजुषाची सही लागणार होती. आणि आज बुधवार.

दोष कुठे आहे ते कळलं होतं. बाजारातून आलेल्या आयसींत, म्हणजे अलार्ममधल्या इलेक्ट्रॉनिक चिपांत, नकली माल मिसळला होता. भंगारातली जुनी आयसी घासायची, वरून काळा रंग द्यायचा, नवा नंबर छापायचा, की झाली कोरी करकरीत. भिंगाखाली धरूनही मंजुषाला फरक दिसेना. तापवून तपासायच्या तर एका वेळी वीसच, त्यालाही दोन तास, आणि समोर ताटात आठशे आयसी.

मालक गायकरशेठ माणूस वाईट नव्हता, पण घायकुतीला आला होता. नऊच तर बिघडलेत, बाकीचे जाऊ देत, ऑर्डर गेली तर चाळीस माणसं घरी बसतील, असं तो सकाळपासून तीनदा सांगून गेला. मंजुषाला नोकरीची धास्ती होतीच. पण आपल्या सहीवर कुणी गुदमरून मेलं तर? सही करणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

तेवढ्यात बयाबाई टेबल पुसायला आली. पंधरा दिवसांपूर्वीच झाडलोटीला लागली होती. साताऱ्याकडची, मितभाषी, सारखी खोकणारी. हजेरीच्या वहीत तिचा अंगठा उमटायचाच नाही, नुसता शाईचा डाग. ऊसतोडीला गेली असणार, असं क्लार्कनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

बयाबाई ताटाशी थबकली. एक आयसी उचलून तिनं नखानं चाचपली, बाजूला ठेवली. मग दुसरी.

"ताई, ही टाका. ही चांगली हाय."

मंजुषाला हसू आलं. पण बुडत्याला काय, काहीही चालतं. बयाबाईनं काढलेल्या दहा वाईट आणि दहा चांगल्या तिनं तापवून पाहिल्या. दहाच्या दहा वाईट मेल्या, दहाच्या दहा चांगल्या टिकल्या.

झालं! फडकं गेलं कोपऱ्यात आणि बयाबाई बसली खुर्चीवर. गुरुवारी दुपारपर्यंत तिनं आठशे आयसी निवडून ढीग वेगळे केले. रात्रीतून प्रत्येक अलार्ममधली आयसी काढून तिथे चांगल्या ढिगातली बसवली गेली. मंजुषानं दोनदा विचारलं, कळतं कसं हो तुम्हाला? तांदूळ निवडायची सवय, दुसरं काय, एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दोनशेच्या दोनशे अलार्म वाजले. गेटवरच्या वॉचमननं कानांवर हात ठेवले. मंजुषाचा जीव भांड्यात पडला. तिनं सही केली आणि कुणी बघत नाहीसं पाहून डोळे पुसले.

टेम्पो गेल्यावर गायकरशेठनं सगळ्यांना चहा मागवला. त्याच्या डोक्यातून मात्र तो माल जाईना. आयसी विकणारा व्यापारी कानांवर हात ठेवतोय. हाच माल दवाखान्यांच्या मशिनींतही जात असणार. कुठे बनतो ते कळायला हवं, मग त्या नालायकाला पोलिसांत देतो, म्हणाला. मग बयाबाईकडे वळला. आजपासून तिनं झाडू धरायचा नाही, तपासणीच्या टेबलावरच बसायचं.

"तुझ्यासारखा हात असलेल्या आणखी बायका आहेत का गं? असतील तर घेऊन ये. सगळ्यांना कामावर घेतो."

बयाबाईनं कप खाली ठेवला. मग उलट तिनंच विचारलं, पोलीस मालकाला धरतात की हाताखालच्या बायकांनाही?

गायकरशेठ गोंधळला. मालकाला, म्हणाला. पोटासाठी राबणाऱ्यांना कोण धरतंय, आणि धरलंच तर मी आहे की.

बयाबाईनं मंजुषाकडे पाहिलं. मंजुषानं होकारार्थी मान हलवली.

"मग पत्ता लिवून घ्या, ताई. कोपरखैरण्याला पत्र्याच्या शेडात सहा जनी हायत. थिनरच्या वासानं छातीचं खोकं झालंय त्यांच्या. ह्या आयसी आमी सात जनींनीच घासल्यात."