विटांवरची गाडी

निसारभाईंनी वडाळा रोडवरच्या घराच्या पोर्चमध्ये दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला काढली होती. तरुणपणी ती त्यांनी धाकट्या भावाबरोबर, वसीमबरोबर, मिळून घेतली होती. पुढे भांडण झालं आणि वसीम सायखेड्याला राहायला गेला. नऊ वर्षांत त्याचे आलेले सगळे फोन निसारभाईंनी कापले होते.

गाडी विटांवर उभी होती. चाकं काढलेली होती, इंजिन खोलून टेबलावर ठेवलं होतं. तरी रोज दुपारी झोपून उठल्यावर पाहावं, तर किलोमीटरचा आकडा छप्पन्नने वाढलेला असे. त्यांनी मीटरची केबलच काढली. दुसऱ्या दिवशीही छप्पन्न वाढलेच.

"सायखेड्याला जाऊन-येऊन तेवढंच होतं," त्यांची बायको म्हणाली.

"त्याचं नाव घरात नको."

शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यांनी पाहिलं. आज आकडा अठ्ठावीसनेच वाढला होता. तेवढ्यात वसीमच्या बायकोचा, आलिमाचा, फोन आला.

"भाईजान, रोज दारापुढे गाडी थांबवता आणि न बोलता निघून जाता. आज शेवटी हेच बाहेर आले आणि तुमच्या शेजारी बसले. जेवायच्या वेळेपर्यंत आणून सोडा त्यांना."

निसारभाईंनी गाडीत डोकावलं. दोन्ही सीटा रिकाम्या होत्या. आकडे मात्र फिरू लागले होते.

नऊ वर्षांनी त्यांनी वसीमचा नंबर लावला. तो लागला नाही. पुन्हा पुन्हा लावत ते मीटरसमोर बसून राहिले.

आकडा छप्पन्नवर आला, आणि न थांबता पुढे गेला.