दोन पेरं खोल

अंगणातल्या झाडाची पानं पुन्हा पिवळी पडलेली पाहून माळीकाकांचं डोकंच फिरलं.

"बाई, मुळं कुजतायत. पाणी घालू नका, हे किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"अहो, थेंबभरसुद्धा घातलं नाही!" घरच्या बाईही वैतागल्या. "नळी तर तुम्हीच उचलून नेलीत ना?"

ते खरंच होतं. शिवाय गेल्या खेपेला काकांनी आळ्यातली माती वाळवून, पावसाचाही भरवसा नको म्हणून बुंध्याभोवती प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि कडेनं विटा रचल्या होत्या. विटा जागच्या हलल्या नव्हत्या. तरी झाड हातचं चाललं होतं.

तोंडानं बडबडत त्यांनी प्लॅस्टिक उचललं. खाली चिखल झाला होता, आणि चिखलभर बोटाएवढी भोकं पडली होती.

काका ओल तपासायचे ती अशीच. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं, मग माती चिमटीत चोळून बघायची.

"माझ्यामागे कोण शहाणपणा करतंय इथे?" ते खेकसले.

"प्लॅस्टिकला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, काका."

तेव्हा त्यांना दिसलं की प्रत्येक भोकाच्या कडेची माती वर उचललेली होती. भोकं वरून नव्हे, खालून पडली होती.

"गांडुळं असतील, दुसरं काय!" ते चिडून म्हणाले आणि एका भोकात त्यांनी बोट घातलं. दोन पेरं.

खाली कुणीतरी ते चिमटीत धरलं आणि ओल बघावी तसं हलकेच चोळलं.