छोट्या सरांचे ओठ

लँकाशायरच्या गिरणीत मागांच्या खडखडाटामुळे बायका नुसत्या ओठांनी बोलत. मालकाशी लग्न होण्याआधी हेस्टरही तिथलीच विणकरीण.

आज मालकाला ‘सर’ ही पिढीजात पदवी मिळाली होती. चहाला सगळा गाव लोटला होता.

“बापामागं हाच सर की गं!” शेजारीण हेस्टरच्या बाळाच्या पाळण्यात वाकून म्हणाली. “तोंड बघ कसं चालवतोय मेला! काय म्हणतोय?”

हेस्टर हसत वाकली.

विणकरीण असताना मालकाच्या शब्दाखातर गिरणीच्या दाराला बाहेरून कडी तिनेच घातली होती. आग लागली तेव्हा काचेआडून, आत अडकलेल्या नेल विणकरणीचे ओठ तिला स्पष्ट कळले होते. तिने मान फिरवली होती.

बाळ रोखून पाहत होतं. आवाज नव्हता. ओठ मात्र सराईत विणकरणीसारखे हलत होते.

“हेस्टर, कडी काढ गं.”